गळ्यांतील गांठीची पारख

गळ्यावर आलेली गांठ पुष्कळदां ती ज्याला झाली आहे त्याच्या आधीं दुसऱ्यालाच दिसते. घांस गिळतांना ती वर चढते आणि पुन्हां खालीं येते. कारण थायरॉइड नांवाची ग्रंथि श्वासनलिकेला बिलगलेली असून गिळण्याच्या क्रियेबरोबर हालते. गंडमाळेच्या किंवा चरबीच्या गांठी सहसा अशा हालत नाहींत. एवढी साधी खूण, पण डॉक्टर आजहि रोग्याला पाण्याचा घोट घ्यावयास सांगून प्रथम तीच पाहतात. घरांतलीं माणसें मात्र अशा वेळीं दोन प्रकारें वागतात. कोणी गांठ पदराखालीं झांकतें, तर कोणी त्याच रात्रीं कर्करोगाच्या भीतीनें जागें राहतें. वैद्यकाच्या इतिहासांतहि हे दोन्ही प्रकार घडून गेले आहेत.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील अकरावा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार विकारांना वाहिलेला आहे. एकाच अध्यायांत घेऊनहि सुश्रुतानें ते वेगळे ठेवले, हें महत्त्वाचें. गळ्यावरची प्रत्येक सूज एक नव्हे, हें त्यास पुरतें ठाऊक होतें. ज्याचा श्वास कोंडतो, ज्याचा आवाज फुटला आहे, अन्नावरची वासना गेली आहे, जो क्षीण झाला आहे आणि ज्याचा विकार वर्षाहून जुना आहे, अशा गलगंडाच्या रोग्याला वैद्यानें हातीं धरूं नये, असें तो सांगतो. आवाज बसणें आणि श्वास अडणें हीं लक्षणें आजच्या डॉक्टरांनाहि सावध करतात. फरक इतकाच कीं, ज्या लक्षणांवर सुश्रुताचा वैद्य मागें फिरे, तींच दिसतांच आजचा शल्यवैद्य दुर्बिणीनें रोग्याचे स्वरतंतु तपासूं लागतो.

युरोपांत १८११ सालीं कूर्त्वा यास समुद्रशेवाळाच्या राखेंत आयोडीन सांपडलें. १८२० मध्यें जिनीव्हाच्या क्वांदे यानें तें गलगंडावर देऊन पाहिलें. गुण आला, पण प्रमाण न राखल्यामुळें कित्येकांना धडधड सुरू झाली आणि औषधाची अपकीर्ति झाली. पुढें बर्नचा शल्यवैद्य थिओडोर कोखर यानें ही शस्त्रक्रिया इतकी निर्दोष केली कीं मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्याहि खालीं आलें. तथापि १८८३ मध्यें त्यानेंच जगाला सांगितलें कीं, ज्यांची ग्रंथि आपण समूळ काढली ते रोगी पुढें मंद, सुजकट आणि निस्तेज झाले. गांठ गेली खरी, पण तिच्याबरोबर शरीराचा एक आधारहि गेला होता. १९०९ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. पण आपल्याच यशाची अशी फेरतपासणी करणारा शल्यवैद्य पारितोषिकाहूनहि दुर्मिळ म्हणावयाचा.

त्या काळीं बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता आणि अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत. राज्यांतील मोठें रुग्णालय हैदराबादेस होतें. तेथें १८८८ व १८८९ सालीं डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें निजाम सरकारनें क्लोरोफॉर्मसंबंधीं दोन आयोग नेमले आणि त्यांची चर्चा लंडनपर्यंत झाली. भूल देण्याची विद्या राजधानींत अशी गाजत होती. बीडला तर आगगाडीहि नव्हती. खेड्यांतल्या रोग्यानें गळ्याची गांठ घेऊन तेथवर जावें, ही गोष्ट सोपी नव्हती.

गांठ कापल्याशिवाय ओळखतां येईल काय, या प्रश्नाला उत्तर मिळालें तें सुईमुळें. १९३० मध्यें न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनीं गांठींत सुई घालून पेशी ओढून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांची सुई जाड होती आणि पुष्कळ डॉक्टरांना ही रीत रुचली नाहीं. पुढें स्वीडनमध्यें बारीक सुई आली. रक्त काढतात तितकाच त्रास. आलेला थेंब कांचेवर पसरावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्यें उघडलें होतें. अणुशक्तिखात्यानें १९६३ मध्यें परळला किरणोत्सारी द्रव्यांनीं रोग पारखणारें केंद्र काढलें. किरणोत्सारी आयोडीन जी गांठ अधिक शोषून घेते ती ‘गरम’, जी घेत नाहीं ती ‘थंड’. गरम गांठ क्वचितच कर्करोगाची असते. पण थंड गांठ म्हणजे कर्करोगच असेंहि नाहीं. बहुतेक थंड गांठी निरुपद्रवीच निघतात.

या विद्येला बीड जिल्ह्यांत घर मिळालें तें अंबाजोगाईस. १९७४ मध्यें तेथें ग्रामीण भागासाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें आणि त्यास स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव देण्यांत आलें. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत शिक्षक होते, हें नव्या पिढीला फारसें आठवत नाहीं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलें कीं त्याच्याबरोबर विकृतिशास्त्राचा विभाग येतो, आणि कांचेवरचा थेंब वाचणारें माणूस येतें. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि ज्या गांवीं आहे, त्या गांवीं हें नव्या तऱ्हेचें वाचन सुरू झालें.

तपासणीचा क्रम आतां ठरलेला आहे. प्रथम रक्तांतील टीएसएच, मग सोनोग्राफी, आणि गांठीचें रूप व आकार तसा वाटल्यास सुई. सोनोग्राफींत गांठ गडद दिसली, तिच्या कडा वेड्यावांकड्या असल्या, आंत चुन्याचे बारीक कण असले किंवा ती रुंदीपेक्षां उंच असली, तर संशय वाढतो. सुईच्या निकालाचे सहा वर्ग २००७ मध्यें अमेरिकेंत बेथेस्डा येथील परिषदेंत ठरले. पहिला म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहींत, दुसरा निरुपद्रवी, सहावा कर्करोग. मधले तीन वर्ग संशयाच्या पायऱ्या. तिसऱ्या वर्गाच्या निकालानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. बहुधा सुई पुन्हां घालावी लागते, इतकेंच. शंभर गांठींपैकीं नव्वदांहून अधिक निरुपद्रवीच ठरतात.

अति तपासणीचाहि एक अध्याय आहे. दक्षिण कोरियांत निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सरसकट होऊं लागली, तेव्हां १९९३ ते २०११ या काळांत थायरॉइडच्या कर्करोगाचें निदान पंधरा पटींनीं वाढलें. मृत्यूंची संख्या होती तेथेंच राहिली. हजारोंच्या ग्रंथि निष्कारण गेल्या आणि ते जन्मभर गोळीला बांधले गेले.

पुरती पारख न करतां कापण्याचें दुःख बीड जिल्ह्याला दुसऱ्या एका अवयवाच्या बाबतींत भोगावें लागलें आहे. २०१९ मध्यें शासनानें नेमलेल्या समितीनें ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कित्येकींना कर्करोगाचें भय दाखविण्यांत आलें होतें. ज्या घरानें हें पाहिलें, तेथील स्त्री गळ्याची गांठ दाखवावयास बिचकली तर तिला बोल कसा लावावा? तिला सांगावयाचें तें एवढेंच कीं, सुई म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, आणि सुईचा लेखी निकाल हातीं आल्यावांचून शस्त्रक्रियेला होकार देण्याची घाई नको. गांठ झपाट्यानें वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा रक्ताच्या नात्यांत असा कर्करोग झाला असेल, तर मात्र दिवस काढूं नयेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागतांना परततात. तोडणीला जाण्यापूर्वींच अंबाजोगाईची एक खेप झाली आणि निकालाचा कागद ट्रंकेंत ठेवला, तर पुढच्या वर्षीं गांठ वाढली कीं तशीच आहे हें त्याच्याशीं ताडून पाहतां येतें.