फ्लॅशच्या पलीकडचा काळोख

जर्मनीतील फॉइग्टलेंडर कंपनीच्या 'व्हिट्रोना' या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक फ्लॅश १९६४ सालीच अंतर्भूत झाला होता. ही सोय सर्वसामान्यांच्या हाती दिली ती मात्र जपानच्या कोनिकाने, १९७५ साली. 'सी ३५ ईएफ' हा तो कॅमेरा जपानमध्ये 'पिक्कारी' म्हणजे 'लखलखणारा' या लाडक्या नावाने ओळखला गेला. दोन पेन्सिल सेलांवर तो फ्लॅश चाले. घरातली रात्र आता अल्बममध्ये येऊ शकली.

या प्रकाशाचा नियम मात्र कठोर आहे: अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. पुढच्या रांगेतले चेहरे पांढरेफटक पडतात, मागची माणसे काळोखात बुडतात. आपल्याकडच्या जुन्या अल्बमांतील बारशा-केळवणांची फ्लॅशने काढलेली छायाचित्रे चाळताना आम्हांस हे वारंवार जाणवते. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या बायका त्या काळ्या पट्ट्यात असू शकतात. छायाचित्र पुरावा म्हणून वाचणाऱ्याने म्हणूनच आधी फ्लॅशची पोच कुठे संपली ते पाहावे. तिथून पुढचा काळोख म्हणजे रिकामी जागा असे समजू नये.