शेवाळ्याच्या दोन पिढ्या

आपल्याकडे वड, पिंपळ, औदुंबर हे वृक्ष देवत्वास पोहोंचले, तुळशीला वृंदावन मिळालें, दूर्वांसारखें क्षुद्र तृणही गणपतीच्या मस्तकीं चढलें. शेवाळ्याच्या वांट्यास मात्र, कोणाचा पाय घसरला म्हणजे, शिव्याशापच काय ते आले. ही उपेक्षा केवळ सामान्य लोकांनींच केली असें नाहीं. शास्त्रज्ञांची दृष्टिही या कुळाकडे फार उशिरां वळली. त्याचें चरित्र उलगडण्यास किती काळ लागला हें सांगतांना आम्ही एक स्थळ वाचकांच्या डोळ्यांपुढें ठेवूं इच्छितों. तें स्थळ म्हणजे आहुपे.

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, सह्याद्रीच्या अगदीं धारेवर, महादेव कोळ्यांचें हें गांव वसलें आहे. पश्चिमेस कडा एकदम तुटतो. खालीं मुरबाडचा मुलूख आणि समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. कोंकणांतून चढणारे ढग या कड्याला येऊन थडकतात. गांवाजवळ भैरवनाथाची देवराई आहे. देवाच्या धाकानें ती पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. श्रावणांत अशा राईंतील एखाद्या खोडापाशीं थांबून पाहावें. सालीवर कोठें नारिंगी मखमल पसरलेली असते. रंग गेरूसारखा असला तरी ट्रेंटेपोहलिया नांवाचें तें हिरव्या कुळांतील शैवलच होय. दुसऱ्या रंगद्रव्यानें त्याचें हिरवेपण झांकलें जातें इतकेंच. शेजारीं तळहाताएवढी हिरवी गादी दिसते, ती हरिता, म्हणजे मॉस. गांवच्या भातखाचरांतील पाण्यावर तरंगणारा निळसर-हिरवा लेप तिसऱ्याच घराण्याचा. हवेंतील नत्र बांधून भातशेतीचा कस टिकविणारा हाच, असें पी. के. डे यांनीं १९३९ सालीं दाखवून दिलें. लोकभाषेंत या सर्वांना नांव एकच: शेवाळ.

यांपैकीं हरितेची कथा विशेष चमत्कारिक आहे. अठराव्या शतकांत लिनीअसनें फुलांच्या अवयवांवरून वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले. ज्यांचीं फुलें दिसेनात त्या सर्वांना त्यानें शेवटच्या वर्गांत लोटलें आणि त्यांना ‘गुप्तविवाही’ असें नांव दिलें. हरितेच्या शेंड्यावर बारीक देंठाची एक कुपी येते. ती त्याला परागकोश वाटली. लाइप्झिग येथील हेडविग नांवाच्या डॉक्टरानें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें हा भ्रम दूर केला. १७८२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, हरितेचे नर व मादी अवयव खालीं पानांच्या झुपक्यांत दडलेले असतात, आणि कुपी ही त्यांच्या संयोगानंतर येते. गुप्त विवाहाचा साक्षीदार सांपडला. अर्थ उमगावयाचा होता.

तो उमगण्यास पेशीचें ज्ञान अवश्य होतें. हूकनें १६६५ सालीं बुचाच्या कापांत रिकामीं घरें पाहिलीं. त्या घरांत राहणारें केंद्र ब्राऊननें १८३१ सालीं ओळखलें. आणि वनस्पतीचें सारें शरीर पेशींचेंच बनलेलें आहे, हें श्लायडेननें १८३८ सालीं प्रतिपादिलें. हा धडा शिकण्यास हरितेच्या पानासारखें दुसरें पुस्तक नाहीं. तें बहुधा एकाच पेशीच्या जाडीचें असल्यामुळें, न कापतां कांचेवर ठेवलें तरी पेशींच्या भिंती व आंतील हिरवे कण स्पष्ट दिसतात.

पुढील पाऊलही लाइप्झिगमध्येंच पडलें, पण विद्यापीठांत नव्हे. विल्हेल्म होफमाइस्टर हा संगीताचीं पुस्तकें छापणाऱ्या प्रकाशकाचा मुलगा. त्याची दृष्टि अधू होती; वनस्पतिशास्त्र तो स्वतःच शिकला, तेंही दुकानाचें काम सांभाळून. १८५१ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें सिद्ध केलें कीं हरितेचें जीवन दोन पिढ्यांत विभागलेलें आहे. आपण पाहतों तें पानांचें हिरवें झाड ही पहिली पिढी. तिची नर-पेशी पाण्याच्या पातळ थरांतून पोहत जाऊन अंडाला मिळते. त्या संयोगांतून देंठ व कुपी जन्मास येतात, ती दुसरी पिढी. आईच्या कडेवरून कधींच न उतरणारें हें मूल होय. कुपी फुटून बीजुकें उडतात. बीजुक रुजलें म्हणजे प्रथम एक हिरवा तंतु निघतो आणि त्याच्यावर पुन्हां पानांचें झाड उगवतें. हा तंतु हुबेहूब शैवलासारखा दिसतो! दोहोंना एकच नांव देणारी आपली लोकभाषा अगदींच चुकली होती असें कसें म्हणावें?

नेचे व सूचिपर्णी वृक्ष यांच्यांतही होफमाइस्टरनें हाच क्रम दाखवून दिला, आणि तोही डार्विनच्या ग्रंथापूर्वीं आठ वर्षें. पुढें १८९४ सालीं स्ट्रासबुर्गरनें त्याचें अंतरंग उकललें: कुपीच्या पिढींत रंगसूत्रांचे दोन संच असतात, बीजुकें तयार होतांना ते निम्मे होतात, आणि पानांच्या पिढींत एकच संच राहतो. दुकानदाराच्या त्या मुलाला १८६३ सालीं हायडेलबर्गनें प्राध्यापक केलें, हें त्या विद्यापीठास भूषणावहच होय.

आमच्या प्रांतांत काय घडलें? पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा महाग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला. तो सपुष्प वनस्पतींचा. ब्लॅटर व डाल्मेडा यांनीं १९२२ सालीं नेच्यांची दखल घेतली. दाभाडे यांचें खंडाळा-महाबळेश्वरच्या हरितांवरील पुस्तक निघालें तें १९९८ सालीं. देवरायांचें महत्त्व माधव गाडगीळ व व्ही. डी. वर्तक यांनीं १९७६ सालच्या निबंधांत जगापुढें मांडलें; तरीही राई म्हटली कीं आपण अजून वृक्षच मोजतों. महाविद्यालयांतून विद्यार्थी बरणींतल्या हरितेचें चित्र काढून गुण मिळवितात. खिडकीबाहेरच्या भिंतीवरची हरिता मात्र त्यांना दिसत नाहीं. दृष्टीआड सृष्टि म्हणतात ती हीच.

ही उपेक्षा निरुपद्रवी नाहीं. हरितेला खरीं मुळें नाहींत. ती सर्वांगानें पाणी पिते. चैत्रांत सुकून काळी पडते आणि मृगाच्या सरींनीं घटकाभरांत हिरवी होते, इतकी ती चिवट आहे. परंतु तिच्या विवाहाला पाण्याचा तो पातळ थर लागतोच. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्तानें राईंतलीं चार झाडें तोडलीं, तर ऊन व वारा आंत शिरतो आणि खोडें लवकर वाळूं लागतात. गादी कदाचित् कांहीं वर्षें तशीच दिसेल. पण तिच्यावर कुपी येणार नाहीं. पहिली पिढी उभी असतांनाच दुसरीचा मार्ग बंद होईल, आणि उरलेल्या झाडांची मोजदाद करणाऱ्यास त्याचा सुगावाही लागणार नाहीं. भैरवनाथाच्या धाकानें आजवर नुसते वृक्ष राखले नाहींत, त्यांच्या सालीवरचा ओलावाही राखला. हा धाक उद्यां ओसरला, तर त्याची जागा ज्ञानानें घेतली पाहिजे. आणि त्या ज्ञानाचा आरंभ खोडाशीं वांकून, भिंग डोळ्याला लावूनच करावा लागेल.