मेरी जॅक्सनने पद का सोडले?

1978 साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आयम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला होता. पदव्या, मानसन्मान सारे मिळूनही यातल्या अनेकींना मनातून वाटे, की आपली तेवढी लायकी नाही, लोकांची फसगत झाली आहे आणि कधीतरी ते उघडकीस येणार. यालाच पुढे 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणू लागले. आपण तोतयेपणाची भावना म्हणू. सदाशिवरावभाऊंच्या तोतयामुळे हा शब्द आपल्याला परका नाही. फरक एवढाच, की तो खोटा असून खरा म्हणून मिरवला आणि या स्त्रिया खऱ्या असून स्वतःला खोट्या समजत होत्या.

या स्त्रिया बहुतांशी गोऱ्या आणि सुस्थितीतल्या होत्या. म्हणूनच मला इथे मेरी जॅक्सन आठवते. 'तू इथली नव्हेस' हे तिला मनाने सांगण्याची गरज नव्हती. तिच्या देशात ते पाट्यांवर लिहिलेले होते.

व्हर्जिनियातल्या लँग्ले प्रयोगशाळेत (पुढे ती नासाची झाली) 1943 पासून कृष्णवर्णीय स्त्रिया आकडेमोडीच्या कामावर घेतल्या गेल्या. जेवणघरात त्यांच्या टेबलावर तशी पाटी असे. मिरियम मान नावाची त्यांच्यातली एक बाई ती पाटी उचलून पर्समध्ये टाकायची. नवी पाटी आली की तीही! शेवटी पाटी यायची थांबली.

मेरी 1951 मध्ये तिथे लागली. गणित आणि भौतिक विज्ञानाची पदवीधर, त्याच हॅम्प्टन गावची. एकदा दुसऱ्या इमारतीत काम करताना तिने गोऱ्या सहकारिणींना स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारले. त्या हसल्या. तुझे स्वच्छतागृह आम्हाला कसे ठाऊक असणार! संतापलेल्या मेरीने ही हकीकत काझिमिएर्झ झार्नेकी या इंजिनिअरला ऐकवली. तो म्हणाला, माझ्याकडे कामाला ये. साठ हजार अश्वशक्तीच्या विंड टनेलवर तो काम करत असे. पुढे त्यानेच तिला इंजिनिअर होण्याचे सुचवले. पण त्यासाठीचे वर्ग भरत गोऱ्यांच्या शाळेत. तिने नगरपालिकेकडे खास परवानगी मागितली आणि मिळवली. गंमत अशी, की जिचे दार तिला जन्मभर बंद होते ती शाळा आतून पाहावी तर जुनाट आणि कळकट निघाली.

1958 मध्ये ती इंजिनिअर झाली; नासातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर. सत्तरच्या दशकात गावातल्या मुलांच्या विज्ञान मंडळाला तिने छोटे विंड टनेल बांधायला मदत केली. आपल्यासारखे कोणी हे काम करते, हे त्या पोरांनी डोळ्यांनी पाहिले.

पण व्यवस्थापनाच्या पदांची दारे काही तिला उघडेनात. 1979 मध्ये तिने इंजिनिअरचे पद सोडले आणि खालची श्रेणी पत्करून लँग्लेतल्या स्त्री-कर्मचाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाची व्यवस्थापक झाली. स्त्रियांची भरती व्हावी, त्यांना बढती मिळावी, हे तिचे काम. याला कोणी त्याग म्हणतात. मला तो इंजिनिअरचाच हिशोब वाटतो. एकटीने आणखी एक पायरी चढण्यापेक्षा अडकलेला जिना मोकळा करावा, असे तिने ठरवले. 1985 मध्ये निवृत्त होईपर्यंत ती तेच करत राहिली.