सिंगापूरचें राखीव रान आणि कीटक

राखीव अरण्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाघ, हत्ती, गवे उभे राहतात; भुंगेऱ्याची आठवण कोणासही होत नाहीं. दाट वस्तीच्या उष्ण देशांत अशा अरण्याचा आसरा कीटकांना कितपत पुरतो, हें पाहण्यास सिंगापूर बेटाचा इतिहास फार उद्बोधक आहे.

१८५४ सालीं आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ तेथील बुकित तिमा टेकडीच्या परिसरांत राहिला. सुमारें दोन महिन्यांत त्यानें भुंगेऱ्यांच्या ७०० जाती जमविल्या. त्याही बहुतेक एका चौरस मैलाच्या आंतल्या रानांत! याचें बरेंचसें श्रेय त्यानें चिनी लाकूडतोड्यांना दिलें. त्यांच्या तोडींतून उरलेली साल, भुसा व कुजका पाला हेंच भुंगेऱ्यांचें अन्न होतें.

परंतु थोडी तोड निराळी आणि सरसकट संहार निराळा. गांबियर व मिरी यांच्या मळ्यांनीं बेटावरील रान झपाट्यानें गिळलें. गांबियरचीं पानें उकळण्यास जळणही रानांतूनच येई. अखेर कॅन्टली याच्या १८८३ च्या अहवालानंतर सरकारनें कांहीं रानें राखलीं. बुकित तिमा त्यांपैकींच एक. हेतु लाकूड व हवापाणी यांच्या रक्षणाचा. कीटक कोणाच्या ध्यानींमनींही नव्हते. पुढें १९५१ च्या कायद्यानें या रानाला निसर्गरक्षणासाठीं संरक्षण लाभलें.

फळ काय मिळालें? २००३ सालच्या एका शास्त्रीय अंदाजाप्रमाणें बेटाचा जेमतेम पाव टक्का भाग व्यापणाऱ्या राखीव रानांत उरलेल्या मूळच्या जीवजातींपैकीं निम्म्याहून अधिक तगून होत्या. हा राखणीचा मोठाच विजय. पण दुसरी बाजू अशी कीं, २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १६० वर्षांत फुलपाखरांच्या जवळजवळ निम्म्या जाती बेटावरून नाहींशा झाल्या.

याचें कारण कीटकांच्या राहणींत आहे. कित्येक फुलपाखरांच्या अळ्या ठराविक वनस्पतीच खातात; ती वेल गेली कीं तें फुलपाखरूंही गेलें. लहान रानाच्या कडा उन्हावाऱ्यानें सुकतात, आणि एकदां लोपलेली जाति शेजारच्या रानांतून परत यावी, तर मध्यें शहर आडवें येतें. १९८६ च्या सुमारास झालेल्या महामार्गानें बुकित तिमाला शेजारच्या रानापासून तोडलें. २०१३ सालीं त्या मार्गावर झाडें लावलेला पूल बांधून हीं दोन रानें पुन्हां जोडण्यांत आलीं.

सारांश, कुंपणानें रान वांचतें, आणि रानाबरोबर पुष्कळ कीटकही वांचतात. परंतु शहराच्या वेढ्यांत एकाकी पडलेलें रान सर्वांना पुरत नाहीं. राखलेल्या रानापर्यंत पोंचण्याची वाटही राखावी लागते. आणि ती राखणें हें कुंपणाबाहेर राहणाऱ्यांचें, म्हणजे तुमचें आमचें काम आहे.