खिडकीतला माणूस आणि त्याच्यावर छापलेला शब्द

एका हातात बंदूक, दुसऱ्या हाताने खिडकीचा पडदा किंचित बाजूला सारलेला, आणि बाहेर रोखलेली नजर. अंगात सूट, गळ्यात टाय, डोळ्यांवर चष्मा. माल्कम एक्सचं हे छायाचित्र तुम्ही पोस्टरवर नाहीतर टी-शर्टवर नक्की पाहिलेलं असणार. बघणाऱ्याला वाटतं, हा लढायला निघालेला माणूस. प्रत्यक्षात तो लढायला निघालेला नव्हता. तो स्वतःच्या घरात होता आणि बायका-मुलांच्या काळजीत होता.

साल 1964. त्या वर्षी मार्चमध्ये माल्कम 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेतून बाहेर पडला. तेव्हापासून जिवे मारण्याच्या धमक्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं त्याचं राहतं घर संघटनेच्या मालकीचं. तेही खाली करा म्हणून कोर्टकचेरी चाललेली. अशा दिवसांत डॉन होगन चार्ल्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने 'एबनी' मासिकासाठी हा फोटो टिपला. पुढे 14 फेब्रुवारी 1965 च्या पहाटे त्याच घरावर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या. आत गरोदर पत्नी बेटी आणि चार लहान मुली होत्या. सगळे वाचले, पण आठवड्याभरातच, 21 फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये भर सभेत माल्कमवर गोळ्या झाडल्या गेल्या. वय अवघं 39.

आता पन्नासेक वर्षं पुढे येऊ. फेब्रुवारी 2014. अमेरिकेत हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. नेमक्या त्याच महिन्यात निकी मिनाज या प्रसिद्ध रॅप गायिकेने आपल्या नव्या गाण्याची जाहिरात करताना हेच छायाचित्र वापरलं. त्यावर ठळक अक्षरांत गाण्याचं नाव. त्या नावात गोऱ्यांनी शतकानुशतकं काळ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरलेला तो शब्द होता. मी तो इथे लिहीत नाही. गाणं होतं नालायक पुरुषांची टर उडवणारं. लोक भडकले, माल्कमच्या कुटुंबीयांच्या बाजूनेही तीव्र नाराजी व्यक्त झाली. दोन-तीन दिवसांत निकीने चित्र काढून टाकलं आणि माफी मागितली. हे गाण्याचं अधिकृत मुखपृष्ठ नव्हतं, अनादर करायचा हेतू नव्हता, असा तिचा खुलासा होता.

एवढा गदारोळ कशासाठी, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर माल्कमच्या आत्मचरित्रात आहे. ॲलेक्स हेली यांनी शब्दांकित केलेलं हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1965 मध्ये प्रसिद्ध झालं. शाळेत माल्कम हुशार होता, वर्गाचा प्रमुखही होता. एकदा शिक्षकांनी विचारलं, पुढे काय व्हायचंय? तो म्हणाला, वकील. शिक्षकांनी त्याला तोच शब्द वापरून समजावलं की तुझ्यासारख्यांनी असली स्वप्नं बघू नयेत, सुतारकाम शीक. आणि हे शिक्षक काही दुष्ट नव्हते, बरं का. आपण मुलाच्या भल्याचंच सांगतोय अशी त्यांची समजूत होती. त्या दिवसापासून त्या शाळेतलं माल्कमचं मन उडालं.

पुढे चोरीच्या गुन्ह्यात तुरुंग. तिथे या माणसाने शब्दकोशाचं पान न् पान हाताने उतरवून काढलं. शब्दांनीच त्याला घडवलं. बाहेर आल्यावर त्याने 'लिटल' हे आडनाव टाकून दिलं, कारण ते पूर्वजांना गुलाम करणाऱ्या गोऱ्या मालकाकडून आलेलं. त्या जागी आला 'एक्स', म्हणजे हरवलेल्या आफ्रिकी नावाची रिकामी जागा. दुसऱ्याने दिलेलं नाव पुसण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याच चेहऱ्यावर दुसऱ्याने दिलेला तो शब्द छापला गेला. खरा घाव तिथे होता.

अर्थात दुसरी बाजूही ऐकायला हवी. माल्कमने स्वतःही हा शब्द वापरला आहे. तुम्ही कितीही शिका, गोरा माणूस तुम्हाला काय म्हणतो ते बघा, असं आपल्याच लोकांना सुनावण्यासाठी. रॅपवाल्यांनीही हा शब्द शत्रूकडून हिसकावून आपल्या बोलण्यात आणला. आणि निकी काही परकी नाही. जन्म त्रिनिदादचा, वाढली त्याच क्वीन्समध्ये. माल्कमची आईसुद्धा कॅरिबियन बेटांवरचीच, ग्रेनाडाची. 1988 मध्ये केआरएस-वन या रॅप गायकाने आपल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर हीच पोझ घेतली होती, हातात उझी बंदूक घेऊन. पण तिथे तो स्वतः खिडकीपाशी उभा होता. आदल्याच वर्षी त्याचा साथीदार गोळीबारात मारला गेला होता. त्या भीतीशी त्याचं काही नातं होतं. निकीच्या चित्रात खिडकी होती, बंदूक होती, घरातल्या मुली मात्र नव्हत्या.

बाजाराने तर माल्कमला कधीच सोडलं नाही. 1992 मध्ये स्पाइक ली याचा चित्रपट आला, तेव्हा 'एक्स' लिहिलेल्या टोप्या धडाधड खपल्या. ज्या सरकारची एफबीआय त्याच्यावर पाळत ठेवून होती, त्याच सरकारने 1999 मध्ये त्याचं टपाल तिकीट काढलं. त्यामुळे सगळा दोष एका गायिकेवर ढकलणं सोपं असलं, तरी न्याय्य नाही.

आपण मराठी वाचकांनी या गोष्टीकडे परकी म्हणून बघू नये. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. 1972 मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर नाव घेऊन आली ती अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून, आणि त्या ब्लॅक पँथरवर माल्कमचा मोठा प्रभाव होता. बाबासाहेबांनी 'हरिजन' हे दुसऱ्याने ठेवलेलं नाव का नाकारलं, हे ज्याला कळतं त्याला त्या 'एक्स'चा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

थोरांचे फोटो वापरूच नयेत असं मी म्हणणार नाही. भिंतीवर हार घालून ठेवलेला फोटो हाही एक प्रकारचा विसरच असतो. पण वापरण्याआधी एवढं तरी विचारावं की हा माणूस खिडकीतून कोणाकडे बघत होता, आणि त्याच्या पाठीमागे कोण झोपलं होतं.