झांकणांतील दोन तारा : लॅपटॉपच्या बिनतारी यंत्राचा इतिहास

पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या तळाशीं एखादा जुना लॅपटॉप पडलेला असतो. तो चालू होतो, त्याचा कळफलक शाबूत असतो, पडदा स्वच्छ दिसतो. परंतु त्याला बिनतारी जोड घेतां येत नाहीं, आणि आजच्या बहुतेक घरांत तारेची जोड राहिलेली नसते. त्यामुळें सुस्थितींत असलेलें यंत्र मुकें व बहिरें होऊन बसतें आणि एके दिवशीं रद्दीबरोबर भंगारवाल्याच्या हातीं जातें. वस्तुतः अशा कित्येक यंत्रांच्या पोटांत बिनतारी कार्ड बसवून त्यांना पुन्हां बोलतें करतां येतें. काम थोड्या वेळाचें आहे. पण तें शक्य व्हावें म्हणून जगाच्या निरनिराळ्या खंडांत तीस वर्षें जी खटपट झाली, तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. या इतिहासांत दोन प्रश्न पुन्हां पुन्हां डोकें वर काढतात. आकाशांतील लहरी कोणाच्या? आणि विकत घेतलेलें यंत्र कोणाचें? आजच्या भाषणांत हे दोन प्रश्न हातीं धरूनच आपण पुढें जाऊं.

प्रारंभ पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठाचें मुख्य गणकयंत्र होनोलुलूच्या परिसरांत, आणि त्याचा उपयोग तर इतर बेटांवरील शाखांनाहि हवा. मध्यें समुद्र. नॉर्मन ॲब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं टेलिफोनच्या तारेचा नाद सोडून रेडिओचा मार्ग धरला, आणि १९७१ सालीं ‘अलोहानेट’ नांवाची बिनतारी योजना चालू झाली. तिची गति सेकंदाला ९,६०० अंकखुणा इतकीच होती. परंतु तिच्यामागची कल्पना फार मोलाची होती. मुख्य यंत्राशीं बोलण्यासाठीं सर्व केंद्रांना एकच लहर दिलेली. ज्याला निरोप धाडावयाचा असेल त्यानें तो खुशाल धाडावा. दोघांनीं एकदम धाडला, तर दोन्ही निरोप एकमेकांत मिसळून बिघडत व पोंचल्याची खूण परत येत नसे. मग प्रत्येकानें आपापल्या मनानें थोडा वेळ थांबावें आणि पुन्हां धाडावा. लग्नघरांत दोन माणसें एकदम बोलूं लागलीं म्हणजे दोघेंहि थांबतात, आणि ज्याला आधीं सुचेल तो पुढें बोलतो. तसाच हा प्रकार. पाळी लावून देणारा अधिकारी नाहीं, रांग नाहीं, आणि तरी काम चालतें. आकाश वांटून न देतांहि तें अनेकांना वापरतां येतें, याचा हा पहिला मोठा दाखला होय.

पण कल्पना सिद्ध झाली म्हणून कायदा वांकत नाहीं. आकाशांतील लहरी म्हणजे सरकारची मिळकत, आणि त्यांतला तुकडा ज्याला परवाना मिळेल त्याचा, अशी सर्व देशांची रीत होती. तिला पहिला मोठा अपवाद अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें केला. त्या आयोगांतील मायकेल मार्कस या इंजिनियराच्या पुरस्कारामुळें ९ मे १९८५ रोजीं एक निर्णय झाला. औद्योगिक भट्ट्या, वैद्यकीय उपकरणें आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह शेगड्या ज्या लहरींच्या पट्ट्यांत आपला कलकलाट करीत असतात, ते पट्टे विनापरवाना दळणवळणास मोकळे करण्यांत आले. त्यांपैकीं एक पट्टा २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा होता. अट अशी कीं, प्रक्षेपणाची शक्ति एका वॅटपेक्षां अधिक नसावी आणि संदेश एकाच टोंकदार लहरीवर न ठेवतां रुंद पट्ट्यावर पसरून धाडावा. ही पसरण्याची विद्या तोंपर्यंत मुख्यतः लष्कराच्या उपयोगाची होती. शत्रूनें एका लहरीवर गोंगाट केला तरी बाकीचा संदेश वांचावा, हा तिचा हेतु. जें युद्धांत शत्रूपासून रक्षण करीत होतें, तेंच आतां शेजाऱ्याच्या शेगडीपासून रक्षण करणार होतें. जाणत्या व्यापाऱ्यांनीं ज्या पट्ट्यांना टाकाऊ ठरविलें होतें, त्यांतच पुढें जगाचा संसार थाटला गेला.

ही संधि प्रथम ओळखणाऱ्यांत दुकानांतील हिशेबयंत्रें करणारी एन. सी. आर. ही कंपनी होती. मोठ्या दुकानांत मांडणी बदलली म्हणजे गल्ल्यावरच्या यंत्रांच्या तारा उपटून पुन्हां घालाव्या लागत, हें तिच्या गिऱ्हाइकांचें दुखणें. हॉलंडांतील न्यूवेखाइन येथें कंपनीच्या इंजिनियरांनीं त्यावर बिनतारी उपाय शोधला, व त्यांतून ‘वेव्हलॅन’ नांवाचें कार्ड निघालें. परंतु एका कंपनीचें यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशीं बोलूं शकत नसेल तर उपयोग काय? म्हणून त्याच कंपनीचे व्हिक हेस हे १९९० सालीं आय. ट्रिपल ई. या इंजिनियरांच्या संस्थेच्या समितीचे अध्यक्ष झाले आणि दहा वर्षें त्या पदावर राहिले. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या प्रतिनिधींना एका टेबलाभोंवतीं बसवून समान नियम ठरविणें हें काम यंत्र करण्याहून अवघड होतें. १९९७ सालीं ‘८०२.११’ हा नियम मंजूर झाला. गति सेकंदाला एक किंवा दोन मेगाबिट. १९९९ मधील त्याच्या ‘बी’ आवृत्तीनें ती अकरावर नेली, आणि त्याच सुमारास या पद्धतीला ‘वायफाय’ हें सुटसुटीत नांव मिळालें.

अधिक गतीच्या आड एक अडचण होती. खोलींत सोडलेली लहर भिंतींवर, टेबलांवर, लोखंडी कपाटांवर आपटून अनेक वाटांनीं पोंचते, आणि तिचे प्रतिध्वनि एकमेकांत मिसळून संदेश अस्पष्ट होतो. ऑस्ट्रेलियांतील सी. एस. आय. आर. ओ. या सरकारी संशोधन संस्थेंत जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाला रेडिओ-ज्योतिषांत कमावलेलें गणित लाविलें. ओ’सलिव्हन यांनीं पूर्वीं स्फोट पावणाऱ्या लहान कृष्णविवरांच्या क्षीण रेडिओ-खुणा शोधण्याचा प्रयत्न केला होता. त्या हातीं लागल्या नाहींत. परंतु अस्पष्ट झालेल्या खुणा निवडून काढण्याची विद्या हातीं राहिली. तिच्या आधारें झालेल्या शोधाला १९९६ सालीं अमेरिकेचें पेटंट मिळालें, आणि पुढें कोर्टकचेऱ्यांतून व तडजोडींतून संस्थेला चाळीस कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. आकाशाच्या टोंकाशीं लावलेला कान शेवटीं दिवाणखान्यांत उपयोगी पडला.

आतां लॅपटॉपकडे वळूं. प्रथम हें बिनतारी यंत्र लॅपटॉपच्या बाजूच्या खांचेंत सरकविण्याच्या पत्त्याएवढ्या कार्डाच्या रूपानें आलें. त्याचें टोंक बाहेर राही, कारण लहरी पकडणारी तार त्या टोंकांत असे. तें टोंक टेबलाच्या पातळीवर, यंत्राच्या अंगाशीं चिकटलेलें. त्यामुळें ऐकूं कमी येई, आणि पिशवींत घालतांना धक्का लागून मोडण्याची भीति निराळीच.

या बाबतींत नवी वाट ॲपल कंपनीच्या ‘आयबुक’नें दाखविली. २१ जुलै १९९९ रोजीं न्यूयॉर्क येथें स्टीव्ह जॉब्स यांनीं तो लॅपटॉप हातांत घेऊन चालता चालता संकेतस्थळ उघडून दाखविलें, आणि कोठें तार लपविलेली नाहीं हें पटावें म्हणून त्याला जादुगाराप्रमाणें एका कड्यांतून आरपार काढलें. पण खरी जादू कड्यांत नव्हती, रचनेंत होती. लहरी पकडणाऱ्या तारा यंत्राच्या अंगांतच जन्मापासून बसविलेल्या होत्या. कार्ड मात्र निराळें, ९९ डॉलरांस मिळे, आणि मालकानें तें कळफलक उचलून त्याखालीं स्वतः बसवावयाचें. जागा आणि तारा आज, कार्ड सवडीनें, अशी ही योजना होती. घर बांधतांना पुढच्या मजल्याच्या सळया वर काढून ठेवाव्या, त्यांतलाच हा दूरदर्शीपणा.

इतर उत्पादकांनींहि हाच मार्ग घेतला. लॅपटॉपच्या पोटांत ‘मिनी पी. सी. आय.’ नांवाची खांच आली. तींत बसणारें कार्ड सुमारें सहा सेंटिमीटर लांब व पांच सेंटिमीटर रुंद असे. अनेक नमुन्यांत कार्ड नसलें तरी झांकणाच्या वरच्या कडेपासून बिजागरींतून खालीं आणलेल्या दोन बारीक तारा तयार असत. झांकणच कां? २,४०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिच्या चतुर्थांशाची, म्हणजे तीन सेंटिमीटरांची, पट्टी तिला पकडण्यास पुरते, व ती पडद्याच्या चौकटींत सहज मावते. शिवाय झांकण उघडलें म्हणजे ती उंचावर जाते आणि यंत्राच्या पोटांतील विद्युत्‌-गोंगाटापासून दूर राहते. आणि तारा दोन कां? परावृत्त लहरींमुळें खोलींत कांहीं ठिकाणें बहिरीं होतात. एक कान तेथें सांपडला तर दुसरा थोड्या अंतरावरून ऐकतो. १२ मार्च १९०० नव्हे, तर अगदीं अलीकडे, १२ मार्च २००३ रोजीं इंटेल कंपनीनें ‘सेंट्रिनो’ हा संच बाजारांत आणून तीस कोटी डॉलरांची जाहिरात-मोहीम आरंभिली. तेव्हांपासून बिनतारी कार्ड हें लॅपटॉपचें लेणें न राहतां अवयव झालें.

येथें दुसरा प्रश्न पुढें येतो. आय. बी. एम.च्या ‘थिंकपॅड’ लॅपटॉपांच्या कित्येक मालकांनीं बाजारांतून स्वस्त कार्ड आणून खांचेंत बसविलें, तेव्हां यंत्र सुरू होतांनाच अडून बसलें. पडद्यावर १८०२ हा क्रमांक आला, आणि परवानगी नसलेलें कार्ड काढून टाकावें अशी आज्ञा झाली. यंत्राच्या मूळ स्मृतींत मान्य कार्डांची एक यादी कोरलेली होती. यादींत नांव नाहीं, तर प्रवेश नाहीं. उत्पादकांच्या बाजूनें सांगण्यासारखें होतें. अमेरिकन आयोग प्रक्षेपक आणि त्याची तार यांना जोडीनें तपासून मंजुरी देतो. भलतें कार्ड त्या तारेला जोडलें तर शक्तीची मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव. आकाश सर्वांचें असेल तर कोणीं ओरडूं नये हा नियमहि सर्वांचा असला पाहिजे, हें मान्यच आहे. परंतु यादी तंतोतंत नांवें पाहत असे, कार्डाचा आवाज मोजीत नसे. त्यामुळें निरुपद्रवी कार्डहि केवळ दुसऱ्या पेढीचें म्हणून नाकारलें जाई. शेवटीं जाणकार मालकांनीं स्मृतींतील एकच अंकखूण बदलून ही तपासणी बंद करणारा चिमुकला कार्यक्रम लिहिला, आणि तो सर्वांना फुकट दिला. पैसे देऊन घेतलेल्या घरांत कोणती खुर्ची ठेवावी हें सुतारानें ठरवावें काय, असा तो वाद होता. तो आजहि मिटलेला नाहीं. आपल्याकडे २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, ती याच वादाची पुढची पायरी होय.

पहिल्या प्रश्नाचा हिंदुस्थानांतील इतिहासहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें, तेव्हां घरीं बसून नुसतें ऐकण्यासाठीं वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे. १९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरविला. त्याच देशांत जानेवारी २००५ मध्यें सरकारी अधिसूचनेनें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत अल्पशक्तीच्या यंत्रांवरील परवान्याची अट उठविली, आणि २०१८ सालीं पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत मोठी मोकळीक दिली. ऐकण्यासाठींहि जेथें परवाना लागे, तेथें आज प्रत्येक घर बिनपरवाना बोलतें आहे. हा बदल गाजावाजा न होतां घडला, म्हणून त्याचें महत्त्व कमी नाहीं.

हा इतिहास जाणणाऱ्याला जुना लॅपटॉप उघडतांना काय पाहावें हें वेगळें सांगावें लागत नाहीं. खांच आहे काय, आणि ती कोणत्या पिढीची? मिनी पी. सी. आय.च्या जागीं त्यानंतरचें अर्ध्या रुंदीचें ‘एक्स्प्रेस’ कार्ड बसत नाहीं. झांकणांतील दोन तारा खालीं आलेल्या आहेत काय? त्या नसतील तर उत्तम कार्डहि जवळजवळ बहिरेंच राहील. विद्युत्‌घट काढून मगच हात घालावा. तारांचीं टोंकें दोन मिलिमीटरांचीं व नाजूक असतात, तीं सरळ वरून दाबावीं. आणि कार्ड फार जुनें नसावें. कारण पहिल्या पिढीचें ‘वेप’ नांवाचें कुलूप २००१ सालींच गणितज्ञांनीं फोडलें, आणि २००४ नंतरचें भक्कम कुलूप त्या काळच्या पुष्कळ कार्डांना उघडतां येत नाहीं. खांचच नसेल, तर यू. एस. बी.चें बोटभर यंत्र बाहेरून लावून काम भागतें.

आकाशाचा एक लहानसा पट्टा कोणाच्याच मालकीचा न ठेवल्यामुळें तो सर्वांच्या उपयोगाचा झाला. उलट यंत्र मात्र पुरतें मालकाच्या हातीं राहिलें, तरच त्याचें आयुष्य वाढतें. लहरी समाईक असाव्या आणि यंत्र स्वतःचें असावें, एवढें साधें तत्त्व संभाळलें, तर कपाटांतील कित्येक मुकीं यंत्रें शाळकरी मुलांच्या हातीं पुन्हां बोलूं लागतील.