आपल्या वाट्याचे कागद

आमच्या घरात तुकोबांची एकच गोष्ट दोन तोंडांनी सांगितली जायची. तात्या, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे ती इंद्रायणीच्या डोहाची. देहूचं हे घराणं महाजनकीचं, बाजारात दुकान, गावाला उसनवार देणारं. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. धंदा बसला, पहिली बायको रखमाबाई गेली, लेकरू गेलं. पुढं तुकोबांनी घरातली सावकारीची खतं बाहेर काढली आणि ती पाण्यात सोडायला निघाले. तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला. तुम्ही साधू झालात, मला माझा संसार आहे, म्हणाला. तुकोबांनी गठ्ठ्याचे दोन भाग केले. अर्धी खतं भावाच्या हातात ठेवली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडली.

तात्या नेमके इथं थांबायचे. बाकीचे कीर्तनकार बुडालेल्या कागदांवर रंगायचे, तात्या मात्र न बुडालेल्या कागदांवर बोट ठेवायचे. "आपल्या वाट्याचं सोडलं त्यांनी. भावाच्या वाट्याला हात नाही लावला. दुसऱ्याचं सोडायला काय लागतं?"

आजीची गोष्ट वेगळी. तिच्या गोष्टीत तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसलेले आणि त्यांची दुसरी बायको जिजाई भाकरी घेऊन उन्हात चढतेय. तिच्या पायात काटा मोडतो. तो काटा काढायला स्वतः विठ्ठल येतो, अशी कथा परंपरेत आहे, पण आजीला त्या चमत्कारापेक्षा भाकरीचं अगत्य जास्त. "कागूद पान्यात सोडनं सोपं हाय. सांच्याला चुलीवर काय ठेवायचं, ते जिजाईलाच ठावं," असं ती तात्यांच्या तोंडावर म्हणायची. तात्या हसायचे नाहीत की चिडायचे नाहीत. "खरंय तुझं," एवढंच म्हणायचे.

पैशापलीकडच्या सुखाविषयी मी पुढं जे काही वाचलं, ऐकलं, ते या दोन गोष्टींवर घासून पाहत आलो. आजीचा प्रश्न ज्यानं विचारलाच नाही, त्याच्या समाधानावर माझा विश्वास बसत नाही.

आमचं घर पिंपरीत. एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. एकीकडं देहू, दुसरीकडं आळंदी. मधल्या माळावर गेल्या सत्तर वर्षांत जे उभं राहिलं, ते सगळ्या देशाला माहीत आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं मिळून 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. पण तात्यांच्या तोंडी या शहराचा जन्म त्याच्याही आधीचा आणि एकाच ठिकाणचा होता: एचए.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली आणि 1955 मध्ये पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्यामागं होती. तोवर हे औषध परदेशातून यायचं. मावळातल्या एका खेड्यातून चौथी पास झालेले तात्या तिथं हेल्पर म्हणून लागले. शेतात मुगाला, हरभऱ्याला बुरशी लागली की कपाळाला हात लावणारा हा माणूस, आणि इथं पगार मिळत होता तो बुरशी जपण्याचा. ही गोष्ट त्यांना म्हातारपणीही नवलाची वाटायची.

ते सांगायचे ते असं. मोठ्या बंद टाक्या, त्यात साखरेचं आणि मक्याच्या अर्काचं पाणी, त्यात सोडलेली बुरशी. तिला हवा लागते, पण ती हवा गाळून, निर्जंतुक करून द्यायची. टाकी ढवळत राहायची, तापमान राखायचं. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर सगळी टाकी फुकट, त्याला म्हणायचं "बॅच गेली". तात्यांचं काम काट्यांवर नजर ठेवायचं आणि ठरल्या वेळी आकडे वहीत लिहायचं. साहेब सांगेल तो व्हॉल्व्ह फिरवायचा. बस. पण रात्रपाळीत सगळा विभाग पेंगत असताना हा माणूस त्या काट्याकडं देव्हाऱ्यातल्या समईकडं पाहावं तसा पाहत बसायचा, हे मला त्यांच्या जोडीच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. स्वतः तात्यांनी कधीच सांगितलं नाही.

एचएचं संशोधनही मोठं. डॉ. तिरुमलाचार यांच्या चमूनं तिथं बुरशीजन्य रोगांवरचं नवं औषध शोधलं आणि कंपनीच्याच आद्याक्षरांवरून त्याचं नाव हॅमायसीन ठेवलं. तात्यांना त्यातलं रसायनशास्त्र कळत नव्हतं. त्यांना कळत होतं ते एवढंच की आपल्या टाकीतून निघालेली भुकटी बाटलीत भरली जाते, ती बाटली कुठल्यातरी सरकारी दवाखान्यात जाते आणि न्यूमोनियानं धापा टाकणारं एखादं पोर वाचतं. त्यांची स्वतःची एक बहीण लहानपणी तापानं गेली होती. दवाखाना लांब, औषध नव्हतंच. त्या बहिणीविषयी ते कधी फार बोलले नाहीत. पण मला वाटतं, ते काट्याकडं पाहत बसायचे ते तिच्यासाठी.

निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ दोन खोल्यांचं घर आणि एक सायकल होती. गावाकडच्या लग्नात कुणीतरी विचारलंच, "काय कमावलंस रं इतकी वर्षं शहरात?" तात्या म्हणाले, "माझ्या पाळीत बॅच जाऊ दिली नाही." विचारणाऱ्याला काही कळलं नाही. शेजारी बसलेल्या आजीला कळलं, कारण त्या पाळ्यांचे डबे तिनं भरले होते.

वडिलांची, अण्णांची, पिढी यंत्रांची. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि बघता बघता भोसरी-चिंचवडचा माळ शेडांनी भरला. बजाज आली, टेल्को आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप आली. अण्णा अशाच एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. डाय घासून शंभराव्या भागापर्यंत बसवायची, हा त्यांचा हातखंडा. या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारची. आमच्या शाळेची रविवारची, अण्णांची गुरुवारची. त्यामुळं अख्खं बालपण वडील पूर्ण दिवस घरात असे फार कमी वेळा दिसले. आणि गुरुवारीही ते घरात नसायचेच, कारण गुरुवारी तालीम.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा हे या पट्ट्यातल्या कामगारांचं एक वेगळं आयुष्य होतं, ज्याची नोंद शहराच्या इतिहासात पुरेशी झालेली नाही. लेथवरचा माणूस नायक व्हायचा, स्टोअरकीपर दिग्दर्शक, वेल्डर नेपथ्य उभारायचा आणि ते इतकं पक्कं उभारायचा की प्रयोग संपल्यावर सोडवताना घाम निघायचा. अण्णा प्रकाशयोजना करायचे. डिमर त्यांनी स्वतः दुरुस्त करून घेतला होता. सेकंड शिफ्ट करून अकराच्या पुढं घरी आले तरी जेवता जेवता आईला सांगत राहायचे, तिसऱ्या अंकात उजवीकडून निळा प्रकाश हवा. आई म्हणायची, "अहो, आधी आमटी घ्या." त्यांच्या नाटकाला स्पर्धेत कधी पहिला नंबर मिळाल्याचं मला आठवत नाही. पण प्रयोगाच्या रात्रीचे अण्णा मी पाहिलेत. पगारवाढीचा करार झाला त्या दिवशीही ते इतके खूश नव्हते.

पुढं कंपनी बंद पडली. देणी अडकली, काही मिळाली, काही मिळालीच नाहीत. त्या दिवसांत आमच्या घरी आजीचा प्रश्न रोज संध्याकाळी उभा असायचा. आई शिवणकाम करू लागली, अण्णा एका छोट्या वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर गेले. नाटकानं घर चालवलं नाही, हे मी स्पष्ट लिहितो. पण ज्यांच्याकडं कारखान्याशिवाय काहीच नव्हतं, ती त्यांच्याबरोबरची माणसं गेट बंद झाल्यावर मनानं खचली. अण्णांना दर गुरुवारी कुणीतरी बोलवायला येत राहिलं. त्या बोलावण्यानं त्यांना उभं ठेवलं, असं आई आजही म्हणते, आणि घरखर्चाची वही तिच्याच हातात होती.

आईचं माहेर चाकणकडं. कांद्या-बटाट्याचा मुलूख, चाकणचा कांदाबाजार मोठा. तिथला संग्रामदुर्ग आता गावानं चहूबाजूंनी वेढलाय, पण मामाच्या लहानपणी आजोळची म्हातारी माणसं त्याच्या बुरुजाकडं हात करून फिरंगोजी नरसाळ्यांची गोष्ट सांगायची. 1660 मध्ये शायिस्तेखानाची अफाट फौज आणि आत मूठभर मावळे. दोन महिन्यांच्या आसपास किल्ला झुंजला. शेवटी सुरुंगानं बुरूज उडवला तेव्हा पडला. खान त्या शौर्यावर खूश होऊन म्हणाला, माझ्या चाकरीत ये. फिरंगोजींनी नकार दिला आणि ते शिवरायांकडं परत गेले. हरलेल्या किल्लेदाराची ही गोष्ट चाकणची माणसं जिंकल्यासारखी सांगतात. मला त्यांचं बरोबर वाटतं.

मग त्याच शिवारात रस्ते आले, प्लॉट पडले. बजाजचा प्रकल्प आला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आली, त्यामागं आणखी कितीतरी. कालपर्यंत कांद्याच्या पट्टीची वाट पाहणाऱ्या घरात एकदम लाखांचा, कुठं कोटींचा चेक आला. त्या पैशाची शहरात खूप चेष्टा झाली. गाड्या, गळ्यातलं सोनं, वाढदिवसाचे फलक. मला ती चेष्टा आवडत नाही. पिढ्यान् पिढ्या आभाळाकडं बघून जगलेल्या माणसाला पहिल्यांदा पैसा दिसला आणि त्यानं तो गळ्यात घातला, यात हसण्यासारखं काय आहे? दुःख वेगळंच होतं. जमीन गेली तेव्हा पैसा आला, पण सकाळी उठून जायचं ठिकाण गेलं. मामाचे दोन चुलतभाऊ तिशीतच दिवसभर पारावर बसू लागले.

मामानं बरीचशी जमीन दिली, विहिरीजवळचा तुकडा ठेवला. घर बांधलं, मुलींना शिकवलं, आणि पखवाज सोडला नाही. एकादशीला त्यांच्या मंडळाचं भजन असतं. मी एकदा विचारलं, "मामा, तुकडा का ठेवलास? भाव तर चांगला मिळत होता." मामा म्हणाला, "हात कशाला लावू सकाळी?" तात्यांचा काटा, अण्णांचा निळा प्रकाश आणि मामाचा तो तुकडा मला एकाच माळेतले वाटतात.

याच मुलखात भामचंद्राचा डोंगर आहे. तुकोबांनी तिथं बसून चिंतन केलं, असं परंपरा सांगते. 2008 मध्ये त्या परिसरात, शिंदे गावाजवळ, डाऊ या रसायन कंपनीचं संशोधन केंद्र होऊ घातलं होतं. गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले, बंडातात्या कऱ्हाडकरांसारखे कीर्तनकार पुढं झाले. अखेर कंपनीनं ती जागा सोडली. तंट्याच्या दोन्ही बाजू मी ऐकल्यात, आंदोलनात झालेल्या जाळपोळीचं मला समर्थन करता येत नाही. पण इंच इंच जमिनीचा भाव तोंडपाठ असलेल्या या पट्ट्यात एका डोंगराचा भाव कुणी सांगू शकलं नाही, ही गोष्ट मी पुढच्या पिढीला नक्की सांगेन.

आणि आता आजीचा प्रश्न परत. चाकण-म्हाळुंगेच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत आज मराठवाड्याची, विदर्भाची, बिहार-ओडिशाची पोरं दाटीनं राहतात. कंत्राटी काम, उद्याची खात्री नाही. त्यांना साध्या सुखाचे धडे द्यायला माझी जीभ रेटत नाही. तुकोबांनी स्वतःची खतं सोडली, त्या खतांखाली दबलेल्या कुळांना समाधानी राहा म्हणून नाही सांगितलं. त्यांना मोकळं केलं. त्या पोरांना पक्कं काम, वेळेवर पगार आणि आठवड्याची हक्काची सुट्टी मिळाली पाहिजे; मग त्यांच्यातला कुणी प्रकाशयोजना करील, कुणी ढोलक वाजवील, ते त्यांचं ते बघतील. अण्णांच्या गुरुवारमागं एक पक्की नोकरी होती, हे विसरून चालणार नाही.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघतो आणि पुढं आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निवृत्त कामगार पाण्याचे जार, राजगिऱ्याचे लाडू घेऊन पहाटेपासून उभे असतात. यंदा तुम्ही तिथं गेलात तर त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ घटकाभर थांबा. फंड किती मिळाला, फ्लॅट कुठं घेतला, हे विचारू नका. तुम्ही काय बनवत होता, एवढंच विचारा. आणि शेजारी त्याची बायको उभी असेल, तर तिलाही विचारा, ते चालवलं कसं. ही माणसं आता फार राहिली नाहीत, आणि त्यांच्या गोष्टी कुठं लिहिलेल्याही नाहीत.